०.७७ चा गुणक येतो कुठून? गॅमो-टेलर बळ आणि न्यूक्लिऑनांचे सहसंबंध

इंदूरला खंडवा रोडच्या विद्यापीठात भौतिकशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: "शेल मॉडेल (प्रोटॉन-न्यूट्रॉन कवचांमधल्या ठरावीक कक्षांत बसतात असं मानणारं) वापरून एसडी कवचातल्या केंद्रकांचे बीटा-क्षय काढले. गणित जवळजवळ दर वेळी मोजमापापेक्षा जास्त येतं. सर म्हणाले, ऑपरेटरला ०.७७ ने गुण. गुणलं, जुळलं. पण हा आकडा आला कुठून? न्यूक्लिऑनांच्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या, सहसंबंधांमुळे, असं सगळे म्हणतात. म्हणजे नेमकं होतं काय?"

अगं, गुणून जुळल्यावरही तुला चैन पडलं नाही, हे चांगलं लक्षण आहे. आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. सहसंबंध, म्हणजे न्यूक्लिऑनांचं एकमेकांवर अवलंबून वागणं, गॅमो-टेलर बळ (स्पिन उलटवू शकणाऱ्या बीटा-क्षयाची शक्यता किती ते सांगणारा आकडा) गिळत नाहीत, ते त्याची जागा बदलतात. बरंचसं बळ तू पाहतेस त्या ऊर्जेच्या पट्ट्यातून निघून फार वर जाऊन बसतं आणि तुझ्या मॉडेलमध्ये ती वरची जागाच नसते. ०.७७ हा निसर्गाचा स्थिरांक नव्हे. मॉडेलने जे बाहेर ठेवलं त्याची ती भरपाई आहे. एक छोटा हिस्सा मात्र या हलवाहलवीने सुटत नाही, त्याच्याकडे शेवटी येतो.

फर्मीने १९३४ मध्ये बीटा-क्षयाचा सिद्धांत मांडला. त्यात न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, पण स्पिनला धक्का लागत नाही. गॅमो आणि टेलर यांनी १९३६ मध्ये स्पिन उलटवू शकणारी वाट जोडली. त्या वाटेचा ऑपरेटर म्हणजे सिग्मा गुणिले टाऊ: सिग्मा स्पिनवर काम करतो, टाऊ आयसोस्पिनवर, म्हणजे न्यूक्लिऑन प्रोटॉन आहे की न्यूट्रॉन यावर. त्यात अंतर नाही, कोनीय संवेग नाही, त्रिज्या नाही. न्यूक्लिऑन केंद्रकात कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे साधेपण लक्षात ठेव, सहसंबंधांची सगळी गोष्ट त्यातूनच निघते.

या ऑपरेटरला एक बेरीज-नियम आहे. न्यूट्रॉनचा प्रोटॉन करणाऱ्या दिशेचं एकूण बळ घे, त्यातून प्रोटॉनचा न्यूट्रॉन करणाऱ्या दिशेचं एकूण बळ वजा कर. उत्तर ३(एन−झेड) येतं; एन म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या, झेड प्रोटॉनांची. इकेडा, फुजी आणि फुजिता या जपानी शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये महाअनुनादाचं (पुष्कळ बळ एकवटलेल्या मोठ्या शिखराचं) भाकीत केलं, तेव्हापासून नियमाला इकेडाचं नाव आहे. तो फक्त स्पिन आणि आयसोस्पिनच्या बीजगणितातून निघतो. केंद्रकाची तरंगफलने कशीही असोत, सहसंबंध कितीही गुंतागुंतीचे असोत, न्यूक्लिऑन हे न्यूक्लिऑनच राहिले तर ही वजाबाकी बदलत नाही. म्हणून "सहसंबंधांनी बळ घटवलं" हे वाक्य जसंच्या तसं घेऊ नकोस. एखाद्या अवस्थेचं बळ घटतं, हिशेब घटत नाही.

आता कागद-पेन्सिल घेऊन बस. झिर्कोनियम-९० घेऊ, कारण या विषयातला निम्मा वाद याच केंद्रकावर झाला. ५० न्यूट्रॉन, ४० प्रोटॉन, म्हणजे बेरीज-नियम ३०. सगळ्यात भोळ्या चित्रात खालच्या कक्षा दोघांच्याही भरलेल्या आहेत आणि जी-९/२ नावाच्या कक्षेत १० न्यूट्रॉन जास्तीचे आहेत. त्यांना प्रोटॉन होऊन जायला दोनच जागा: प्रोटॉनची जी-९/२ किंवा तिची जोडीदार जी-७/२. दर न्यूट्रॉनमागे एकूण ३ बळ, त्यातलं ११/९ पहिल्या जागेला आणि १६/९ दुसऱ्या जागेला. दहाने गुणलं की १२.२ आणि १७.८. बेरीज ३०. उलट्या दिशेने प्रोटॉनचा न्यूट्रॉन करायला गेलं तर दार बंद, कारण हव्या त्या न्यूट्रॉन-कक्षा आधीच भरलेल्या. म्हणून तिकडचं बळ शून्य. इथपर्यंत सहसंबंधांचा मागमूस नाही.

प्रयोग काय सांगतो? निओबियम-९० मध्ये २ एमईव्हीच्या (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा) आसपास एक लहान शिखर दिसतं आणि ९ एमईव्हीच्या आसपास एक रुंद, भलंमोठं शिखर. १२.२ आणि १७.८ या वाटणीशी त्यांचं प्रमाण अजिबात जुळत नाही, खालचं शिखर फारच अशक्त आहे. हा सहसंबंधांचा पहिला थर. नव्या कक्षेत गेलेला कण आणि त्याच्यामागे उरलेली रिकामी जागा, म्हणजे विवर, यांच्यातलं स्पिन-आयसोस्पिन आंतरक्रियेचं बल प्रतिकर्षी आहे, त्यामुळे सगळी कण-विवर रूपं एका तालात येतात आणि तो ताल वरच्या ऊर्जेला सरकतो. खालच्याचं बळ वरचा ओढून घेतो. आरपीए (रँडम फेज अप्रॉक्सिमेशन) म्हणून जी पद्धत तू वाचली असशील, ती एवढं काम चोख करते. पण आरपीएमधून निघणारं शिखर सुईसारखं येतं, खरं शिखर काही एमईव्ही रुंद असतं. ही रुंदी कुठून येते, तिथेच पुढचा थर उघडतो.

त्याआधी मोजमापाबद्दल थोडं, कारण ते न समजता लोक आकडे फेकतात. बीटा-क्षयाला क्यू-मूल्याएवढीच, म्हणजे क्षयात मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेएवढीच, खिडकी मिळते. महाअनुनाद बहुतेक वेळा तिच्या पलीकडे असतो, म्हणून क्षयातून तो दिसत नाही. त्याला गाठायचं तर प्रोटॉन आत मारून न्यूट्रॉन बाहेर पकडायचा. १०० ते ४०० एमईव्हीच्या पट्ट्यात न्यूक्लिऑनांमधल्या बलाचा स्पिन-आयसोस्पिन भाग वरचढ असतो, आणि शून्य अंशाला निघणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्या गॅमो-टेलर बळाच्या जवळजवळ प्रमाणात असते. प्रमाणाचा आकडा ज्ञात बीटा-क्षयांवरून बसवतात. ठळक अवस्थांना हे छान चालतं. क्षीण अवस्थांमध्ये टेन्सर बल (न्यूक्लिऑनांमधलं, स्पिनच्या दिशेवर अवलंबून असलेलं बल) मध्ये लुडबुड करतं, तिथे या प्रमाणावर मी फार भिस्त ठेवणार नाही. आपल्या गावातल्या इंडस-२ मध्ये हे का करत नाहीत, असं काही मुलं विचारतात. त्या वलयात २.५ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन फिरतात, ते सिंक्रोट्रॉन प्रकाश मिळवण्यासाठी. या कामाला प्रोटॉनचा झोत लागतो आणि बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनचा वेग मोजायला लांबलचक मोकळी वाट लागते.

अमेरिकेत इंडियानाच्या सायक्लोट्रॉनवर १९८० च्या सुमारास ही मोजणी पद्धतशीर झाली आणि गोंधळ उडाला. एकामागून एक केंद्रकांत शिखरांमध्ये बेरीज-नियमाच्या जेमतेम ६० टक्के बळ सापडलं. उरलेलं ४० टक्के कुठे? आता तुझ्या ०.७७ चा वर्ग कर: ०.५९. तोच आकडा. म्हणूनच त्या काळी दोन्ही गोष्टींचं एकच कारण असावं असं वाटणं साहजिक होतं.

दोन पक्ष पडले. एक म्हणाला, न्यूक्लिऑन हा आतून क्वार्कांचा आहे. सिग्मा-टाऊ त्यातल्या एका क्वार्कचा स्पिन उलटवून न्यूक्लिऑनचा डेल्टा कण करू शकतो. डेल्टा न्यूक्लिऑनपेक्षा सुमारे ३०० एमईव्हीने जड, म्हणून हरवलेलं बळ ३०० एमईव्हीवर गेलं. दुसरा पक्ष म्हणाला, इतक्या लांब कशाला जाता? एक कण आणि एक विवर ही अवस्था दोन कण आणि दोन विवरांच्या असंख्य अवस्थांमध्ये मिसळते, आणि त्यांचा पसारा खूप वरपर्यंत आहे. बर्च आणि हामामोतो यांनी १९८२ मध्ये झिर्कोनियम-९० साठीच गणित करून दाखवलं की टेन्सर बलामुळे बळाचा मोठा भाग १० ते ४५ एमईव्हीच्या पट्ट्यात पसरतो, पातळ थरासारखा. पातळ असल्यामुळे तो पार्श्वभूमी म्हणून वजा केला जात होता. रंगपंचमीच्या गेरीत (आपल्या इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत) राजवाड्यासमोर उभी असलेली माणसं मोजायची, सराफ्यात आणि खजुरी बाजारात पांगलेली सोडायची, आणि मग गर्दी घटली म्हणायचं, असा तो प्रकार.

निकाल लावला तो ओसाकाच्या सायक्लोट्रॉनने. १९९७ मध्ये २९५ एमईव्हीच्या प्रोटॉनांनी झिर्कोनियम-९० वर मोजणी झाली आणि पार्श्वभूमी डोळ्याने ठरवून वजा करायचं बंद झालं. प्रत्येक ऊर्जेला कोनानुसार वाटणी घेतली आणि ती कोनीय संवेगाच्या घटकांत फोडली. गॅमो-टेलरचा घटक शून्य अंशाला उंच असतो, बाकीचे काही अंश पुढे. मग २००५ मध्ये उलट्या दिशेची, म्हणजे न्यूट्रॉन आत आणि प्रोटॉन बाहेर अशी मोजणी जोडली. ५० एमईव्हीपर्यंतची वजाबाकी बेरीज-नियमाच्या सुमारे ८८ टक्के भरली, त्रुटी काही टक्के. दोन कण-दोन विवरवाल्यांचा पक्ष मुख्यतः बरोबर ठरला. डेल्टासाठी उरलं ते फार तर दहा-बारा टक्के. एक सावधगिरी: त्या उंच ऊर्जेत स्पिन-मोनोपोल नावाचा दुसरा प्रकारही शून्य अंशालाच वर येतो. तो वेगळा काढावा लागतो आणि तिथे थोडं मॉडेल शिरतंच. मी ८८ हा आकडा वापरतो, पण "अगदी ८८" म्हणून नाही.

उलट्या दिशेचं बळ शून्य आलं नाही, हेही बघ. भोळ्या चित्रात ते दार बंद होतं. खऱ्या झिर्कोनियममध्ये मूळ अवस्थेतच काही प्रोटॉन जी-९/२ मध्ये चढलेले असतात, त्यांना न्यूट्रॉनच्या जी-७/२ मध्ये जाता येतं. मूळ अवस्था स्वतःच सहसंबंधित आहे, याचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे कमी मिळतो. ताऱ्यांच्या गाभ्यात इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रॉन होतात तेही याच दारातून, म्हणून सुपरनोव्हाचं गणित करणारी मंडळी या छोट्या आकड्याला जपून असतात.

आता टेन्सर बल नेमकं काय करतं ते समजून घे. इथे ड्यूटेरॉनपासून सुरुवात करणं मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन, एकूण स्पिन १, आयसोस्पिन ०. त्याला ०.२८६ चौरस फर्मी इतकं चतुर्ध्रुवी आघूर्ण आहे, म्हणजे तो गोल नाही. टेन्सर बल एस तरंगात (कोनीय संवेग ०) काही टक्के डी तरंग (कोनीय संवेग २) मिसळतं म्हणून असं होतं. या जोडीवर सिग्मा-टाऊ चालव. स्पिन १, आयसोस्पिन ० वरून ती स्पिन ०, आयसोस्पिन १ वर जाते. एस भाग एस भागात जातो, ती खालची अवस्था. डी भागाचं काय? ऑपरेटरला कोनीय संवेगाशी घेणं नाही, म्हणून डी भाग डी भागातच जातो, आणि स्पिन ० ची डी अवस्था खूप वर असते. तेवढं बळ खालून गेलं, वर दिसलं. केंद्रकात अशा शेकडो जोड्या आहेत, आणि प्रत्येक जोडी थोडा थोडा कर वरच्या मजल्याला भरते.

हा कर लहान नाही. जेफरसन प्रयोगशाळेत कार्बन-१२ वर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे २० टक्के न्यूक्लिऑन कुठल्याही क्षणी अत्यंत जवळच्या, वेगवान जोड्यांमध्ये अडकलेले दिसले. त्यातल्या सुमारे ९० टक्के जोड्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या. प्रोटॉन-प्रोटॉन जोड्या इतक्या कमी का? कारण टेन्सर बलाला ड्यूटेरॉनसारखी स्पिन १, आयसोस्पिन ० जोडी लागते. तुझ्या एसडी कवचात असलं काही नाही. तिथे तीन कक्षा आहेत आणि त्यांच्यात फिरणारे न्यूक्लिऑन. जोडीचा डी भाग ज्या उंच कक्षांत राहतो त्या मॉडेलमध्ये नसल्याने तिथलं बळही खालच्याच्याच खात्यात जमा होतं. म्हणून गणित जास्त येतं, म्हणून ०.७७ लागतं.

जोडी-सहसंबंधांचा एक वेगळाच चेहराही आहे, तो उलट्या बाजूने ओढतो. ओसाकातच हीलियम-३ आत आणि ट्रायटॉन बाहेर अशा अभिक्रियेने कॅल्शियम-४२, टायटॅनियम-४६, क्रोमियम-५० आणि लोह-५४ ही साखळी मोजली, निकाल २०१४ मध्ये आला. कॅल्शियम-४२ मध्ये गाभ्याबाहेर दोनच न्यूट्रॉन. तिथे मोजलेल्या गॅमो-टेलर बळापैकी सुमारे ८० टक्के स्कँडियम-४२ च्या ०.६१ एमईव्हीच्या एकाच अवस्थेत गोळा झालेलं निघालं. इथे कण-विवर प्रतिकर्षणाला फारशी संधी नाही. प्रोटॉन-न्यूट्रॉनची आयसोस्पिन-शून्य जोडी आकर्षक आहे, ती बळाला खाली ओढते. न्यूक्लिऑन वाढवत लोह-५४ पर्यंत गेलं की पारडं फिरतं आणि बळ वर जाऊ लागतं. विग्नरने १९३७ मध्ये स्पिन आणि आयसोस्पिन एकत्र फिरवणारी जी सममिती मांडली, तिची झलक या कॅल्शियम-४२ मध्ये दिसते. मला हा प्रयोग या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत देखणा वाटतो.

 

आता तो राहिलेला छोटा हिस्सा. न्यूक्लिऑन एकमेकांत पायॉन नावाचे हलके कण देत-घेत असतात. बीटा-क्षयाचा धक्का एकट्या न्यूक्लिऑनला न बसता कधी कधी या देवाणघेवाणीला बसतो. याला दोन-कणी प्रवाह म्हणतात, आणि १९८० च्या दशकातला डेल्टा यातच मागच्या दाराने परत येतो. हा प्रवाह ऑपरेटरच बदलतो, म्हणून इकेडाच्या नियमाचं बंधन त्याला नाही. कार्बन-१४ आणि ऑक्सिजनच्या न्यूट्रॉनबहुल समस्थानिकांवर २०१४ मध्ये झालेल्या मूलभूत गणितात याने बेरीज-नियम ०.८४ ते ०.९२ पटीवर येतो असं निघालं. झिर्कोनियमच्या ०.८८ शेजारी ठेवून बघ. केंद्रकं वेगळी आहेत, त्यामुळे मी यावर शिक्का मारणार नाही, पण आकडे एकमेकांच्या विरोधात नाहीत. २०१९ मध्ये हलक्या केंद्रकांपासून टिन-१०० पर्यंतचे क्षय सहसंबंध आणि दोन-कणी प्रवाह दोन्ही घेऊन काढले गेले आणि बाहेरचा गुणक न लावता मोजमापाशी जुळले.

टिन-१०० हा आपल्या झिर्कोनियमचा भाऊच. ५० प्रोटॉन, ५० न्यूट्रॉन, जी-९/२ मधले १० प्रोटॉन न्यूट्रॉनच्या रिकाम्या जी-७/२ मध्ये जातात. भोळं बळ पुन्हा १७.८. जर्मनीतल्या जीएसआयने २०१२ मध्ये सुमारे ९ मोजलं, जपानच्या रिकेनने २०१९ मध्ये सुमारे ४.४. दोघांत चांगलाच फरक आहे, तरी भोळ्या आकड्यापासून दोघंही किती खाली आहेत ते बघ.

सहसंबंधांचा वाटा किती टक्के आणि प्रवाहांचा किती, असं कुणी विचारलं तर उत्तर देऊ नकोस, उलट विचार: कुठल्या बलाने, कुठल्या विभेदनाने? बल मऊ करणारं रूपांतर केलं की तरंगफलनातले सहसंबंध ऑपरेटरमध्ये जाऊन बसतात. रूपांतर हॅमिल्टोनियनवर (ऊर्जेच्या ऑपरेटरवर) केलं आणि सिग्मा-टाऊवर करायचं विसरलं, अशी गणितं मी तपासायला आलेल्या प्रबंधांत पाहिली आहेत, आणि ती दिसायला अगदी निर्दोष असतात. मोजता येतं ते एकूण, वाटणी ही हिशेबाची सोय.

तुझ्या कामापुरतं सांगायचं तर ०.७७ एसडी कवचाला ठीक आहे. पीएफ कवचाला ०.७४ च्या आसपास, पी कवचाला ०.८२ च्या आसपास असे गुणक मोजमापांवरून बसवलेले आहेत. कवच बदललं की गुणक बदलतो यातच त्याचं खरं रूप उघडं पडतं. ज्या स्पेसमध्ये (मॉडेलने निवडलेल्या कक्षांच्या संचात) जी-९/२ आहे पण तिची जोडीदार जी-७/२ नाही, तिथे इकेडाचा नियम आधीच मोडलेला असतो. तिथे याहून बराच कमी गुणक लागतो, ०.७७ नेऊन चिकटवू नये. आणि निषिद्ध संक्रमणांना तर मुळीच नको.

न्यूट्रिनोरहित दुहेरी बीटा-क्षयात (दोन न्यूट्रॉनांचे एकदम प्रोटॉन होतात, पण न्यूट्रिनो बाहेर पडत नाही) हे सगळं महाग पडतं. टीआयएफआरच्या (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) मंडळींनी टिन-१२४ वर असा प्रयोग आखला, म्हणून हा विषय आपल्याकडेही परका नाही. तिथे क्षयाचा वेग अक्षीय स्थिरांकाच्या (गॅमो-टेलर वाटेची ताकद ठरवणारा आकडा, ०.७७ त्यालाच लावल्यासारखं आहे) चौथ्या घातावर चालतो. ०.७७ चा चौथा घात ०.३५, म्हणजे अर्धायुष्य जवळपास तिप्पट. पण त्या क्षयात न्यूट्रिनो सुमारे १०० एमईव्ही इतका संवेग इकडून तिकडे नेतो, तर साध्या बीटा-क्षयात तो जवळजवळ शून्य असतो. शून्य संवेगाला बसवलेला गुणक तिथे तसाच वापरणं मला पटत नाही.

पुढच्या आठवड्यात कॅल्शियम-४८ कर. हाताने आधी: एफ-७/२ मध्ये ८ न्यूट्रॉन, एफ-७/२ कडे १०.३, एफ-५/२ कडे १३.७, बेरीज २४. मग पूर्ण पीएफ स्पेसमध्ये लँक्झोस पद्धतीने बळाचं वितरण काढ. पहिल्या सदिशाच्या लांबीचा वर्गच तुला एका दिशेचं एकूण बळ देतो, उलट्या दिशेचंही काढ आणि वजाबाकी २४ येते का पाह. न आल्यास कोडमध्ये चूक आहे, पुढे जाऊ नकोस. आली की स्कँडियम-४८ मधल्या २.५ एमईव्हीच्या अवस्थेला किती बळ उरलं ते १०.३ शी ताडून बघ. गुणक अजून लावायचा नाही. गुणकाशिवायचा आलेख काढ, त्यावर मोजलेला आलेख ठेव, आणि १५ एमईव्हीच्या वर जिथे मोजमापात शेपूट आहे पण तुझ्या आलेखात जवळजवळ काही नाही, तो भाग पेन्सिलीने रंगवून मला दाखव.